प्रीफॅब घराचा खरा खर्च: निफाडच्या काळ्या मातीत पायापासून पत्र्यापर्यंत

घर बघायला येणारा माणूस चप्पल काढता काढताच विचारतो, "चौरस फुटाला किती पडलं?" मी दोन आकडे सांगतो: १,६५० आणि ३,२५०. पहिला कंपनीच्या कोटेशनवर होता. दुसरा सगळं उरकल्यावर माझ्या वहीत निघाला. फसवणूक झालेली नाही, दोन्ही आकडे खरे आहेत. मधला फरक कुठून आला हे मला आधी कळलं असतं, तर बऱ्याच रात्री शांत झोप लागली असती. हा लेख त्यासाठीच लिहितोय.

मी नाशिकला इंदिरानगरात राहतो. आई-अण्णा निफाड तालुक्यात शेतावर असतात. तिथलं जुनं विटांचं घर काळ्या मातीनं दरवर्षी थोडं थोडं उकललं. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगते, आणि वरच्या भिंती त्या हालचालीत तडकतात. दोघांची सत्तरी उलटलेली. दीड वर्ष वाळू, सिमेंट आणि मजूर सांभाळणं त्यांना झेपणारं नव्हतं, आणि मला शनिवार-रविवारशिवाय जाता येत नव्हतं. म्हणून ३२ बाय २० फुटांचं, म्हणजे ६४० चौरस फुटांचं प्रीफॅब घर, म्हणजे कारखान्यात भाग तयार करून जागेवर उभं करायचं घर ठरवलं. अण्णांचा विरोध होता. "पत्र्याचं घर म्हणजे पावसात डोक्यावर ढोल," असं त्यांचं म्हणणं.

आधी प्रकार ओळखा

बाजारात सगळ्यालाच 'प्रीफॅब' म्हणतात. त्यामुळे दोन कोटेशनं शेजारी ठेवली तरी तुलना होत नाही.

पोर्टा केबिन म्हणजे कारखान्यातून पूर्ण तयार होऊन ट्रेलरवर येणारी पेटी. २० बाय ८, २० बाय १० किंवा ४० बाय १० फूट ही तिची नेहमीची मापं. द्राक्षबागेतल्या राखणदाराची खोली, साइट ऑफिस किंवा पॅकहाऊसजवळचं छोटं कार्यालय यासाठी ती उत्तम. कायम राहायला मात्र मी सुचवणार नाही. उंची कमी पडते आणि रुंदीला रस्त्याची मर्यादा येते. वाहन नियमांप्रमाणे गाडीची रुंदी २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फुटांच्या आसपास. दहा फुटी पेटी दोन्ही बाजूंना बाहेर येते.

दुसरा प्रकार पफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनेलचा. लोखंडी चौकोनी नळ्यांचा किंवा सेक्शनचा सांगाडा, आणि त्यावर दोन रंगीत पत्र्यांमध्ये फोम भरलेली पॅनेलं. आमचं घर याच प्रकारचं. अंबड, सातपूर, सिन्नर या औद्योगिक पट्ट्यात फॅब्रिकेशनचं काम जाणणारी माणसं आहेत, त्यामुळे दुरुस्तीला कोणी मिळणार नाही ही भीती नाशिककरांनी बाळगू नये.

तिसरा एलजीएसएफ, म्हणजे पातळ गॅल्वनाइज्ड पोलादाच्या पट्ट्या वाकवून केलेला सांगाडा. भिंतीत दर ४०० किंवा ६०० मिलिमीटरवर एक उभा दांडा, बाहेरून सिमेंट बोर्ड, आतून जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड, मध्ये रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर. दिसायला हे घर गिलाव्याच्या घरासारखं असतं, आवाज आणि आग या दोन्हींत पफपेक्षा सरस, आणि दरही त्याच मानानं चढा. बजेट असेल तर राहत्या घरासाठी मी डोळे झाकून हाच प्रकार निवडेन.

चौथा प्रीकास्ट काँक्रीटचा. एकट्या घराला तो परवडत नाही, कारण साचे आणि मोठी क्रेन यांचा खर्च शेकडो घरांवर वाटला गेला तरच दर उतरतो. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये सुरू केलेल्या लाइट हाऊस प्रकल्पांत चेन्नई आणि रांचीला प्रीकास्ट वापरलं, इंदूरला सँडविच पॅनेल आणि अगरतळ्याला हलकं पोलाद. प्रत्येक ठिकाणी हजार किंवा त्याहून जास्त घरं होती. ती उदाहरणं दाखवून कोणी तुमच्या एका घराचा दर सांगत असेल तर थांबा.

कागद: "पाया नाही, म्हणून परवानगी नको" हे खोटं

ही थाप मला दोन विक्रेत्यांनी मारली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, म्हणजे एमआरटीपी कायदा, १९६६ विटा आणि पत्रा यांत भेद करत नाही. जमिनीवर बांधकाम उभं राहिलं की तो विकास. शहरात परवानगी नाशिक महापालिकेची. आसपासच्या तालुक्यांतली कित्येक गावं आता नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाखाली येतात, तेव्हा ग्रामपंचायतीचा दाखला पुरेसा आहे असं गृहीत धरू नका. गाव कुणाच्या हद्दीत येतं ते आधी विचारून घ्या आणि झोन दाखला, म्हणजे जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात आहे त्याचा दाखला काढा.

शेतजमिनीवर फार्महाऊस बांधायचं असेल तर साधारण ०.४ हेक्टर, म्हणजे एक एकर क्षेत्र लागतं, आणि त्यातल्या छोट्या भागावरच बांधता येतं. शहरातल्या ज्या मित्रांना गंगापूर धरणाकडे किंवा त्र्यंबक रस्त्याला 'दोन गुंठ्यांत केबिन टाकू' असं वाटतं, त्यांना कळकळीनं सांगतो: शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन थेट घेता येत नाही, आणि तुकडेबंदीचा कायदा आहे. सामायिक सातबाऱ्यावर नाव लावून देतो म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी वकिलाला कागद दाखवा. गोदावरी आणि तिच्या उपनद्यांच्या काठाला असाल तर निळी आणि लाल पूररेषाही नकाशावर बघा.

कर्ज हवं असेल तर ॲडव्हान्स देण्याआधी बँकेकडून लेखी मंजुरी घ्या. मंजूर नकाशा आणि कायमचा पाया असलेल्या घरावर बँक बोलायला तयार होते. उचलून नेता येणाऱ्या केबिनवर गृहकर्ज मिळेल ही आशा धरू नका.

पाया

प्रीफॅबमध्ये सगळ्यांचं लक्ष भिंतींवर असतं. माझं सगळ्यात जास्त डोकं आणि वेळ गेला तो जमिनीखाली, आणि तिथे गेलेल्या एकाही रुपयाचा मला पस्तावा नाही.

पफ पॅनेलची ५० मिलिमीटर भिंत चौरस मीटरला साधारण १० किलो भरते. विटेची नऊ इंची भिंत सव्वाचारशे किलोच्या वर जाते. त्यावरून लोक म्हणतात, इतकं हलकं घर, त्याला कशाला पाया, चार ब्लॉक ठेवा. इथेच घात होतो. हलक्या घराला खचण्याची भीती कमी, पण दोन भीती वाढतात. एक, काळी माती फुगली की ते सहज उचललं जातं, कारण दाबून ठेवणारं वजनच नाही. दुसरी वाऱ्याची. भारतीय मानक ८७५ मध्ये नाशिकचा मूळ वारावेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. सुधारणेचे गुणक बाजूला ठेवून ठोकळ हिशोब केला तरी चौरस मीटरला नव्वद किलोच्या आसपास दाब येतो. आमच्या छताचं क्षेत्रफळ ५९ चौरस मीटरच्या थोडं वर. इतकीच ओढ वरच्या दिशेनं लागली तर पाच-साडेपाच टन होतात. छताचं स्वतःचं वजन त्याच्या जवळपासही नाही. ते घर जागेवर धरून ठेवतात ते बोल्ट आणि त्यांच्याखालचं काँक्रीट.

आम्ही केलं ते असं. आधी जेसीबीनं दोन ठिकाणी खड्डे घेऊन माती बघितली. सहा फुटांपर्यंत काळी, मग पिवळसर पोयटा, आणि सात फुटांवर कडक मुरूम लागला. प्रत्येक खांबाचा पाया त्या मुरमात नेला. तुमच्याकडे मुरूम दहा फुटांतही लागत नसेल तर इंजिनिअरला अंडर-रीम्ड पाइलबद्दल विचारा. तळाशी फुगवटा असलेला हा पाइल काळ्या मातीसाठीच वापरतात.

खांबांना जोडणाऱ्या जोत्याच्या बीमखाली माती थेट टेकू देऊ नका. खाली थोडी पोकळी सोडायची किंवा वाळूचा थर द्यायचा, म्हणजे माती फुगली तरी बीमला वर ढकलत नाही. घराच्या आतली वरची काळी माती काढून टाकायची, आणि मुरूम सहा ते आठ इंचांच्या थरांत, पाणी मारून, प्रत्येक थर दाबून भरायचा. ट्रॅक्टरभर मुरूम एकदम ओतून वर रोलर फिरवला तर दबतो तो फक्त वरचा थर. एका शनिवारी मी पोचलो तेव्हा तसंच चाललेलं होतं. सगळा मुरूम उपसायला लावला. दिवस गेला, वाद झाला, पण आज फरशीला तडा नाही. जोतं जमिनीपासून दीड फूट उंच घ्या. पावसाचे शिंतोडे पॅनेलच्या खालच्या कडेला लागले की गंज तिथूनच सुरू होतो.

आता अँकर बोल्टची, म्हणजे खांब पायाला जखडणाऱ्या बोल्टची गोष्ट. कारखान्यात सांगाडा मिलिमीटरच्या मापात कापला जातो, आणि आपल्याकडे पाया इंचाच्या मापात पडतो. हे दोघं भेटतात ते बोल्टपाशी. आमच्या गवंड्यानं बोल्ट तारेनं सळयांना बांधून काँक्रीट ओतलं. ओतताना चार बोल्ट सरकले, एक तर १८ मिलिमीटर. सांगाडा आला आणि खांबाची प्लेट बसेना. फिटर म्हणाला, "साहेब, गॅसनं भोक मोठं करतो, पाच मिनिटांचं काम." मी नको म्हटलं. भोक मोठं केलं की बोल्टभोवती पत्राच उरत नाही, आणि वाऱ्याची ओढ झेलायची आहे ती नेमकी तिथेच. इंजिनिअरच्या सांगण्यावरून ते चार बोल्ट कापले, काँक्रीटमध्ये नवीन भोकं पाडून केमिकल अँकर, म्हणजे रसायनानं भोकात चिकटवायचे बोल्ट बसवले. तीन दिवस आणि अठरा हजार रुपये गेले. टाळायचा उपाय अगदी साधा आहे: कंपनीकडून आठ मिलिमीटरच्या प्लेटचा साचा मागवा, बोल्ट त्यात कसून मग काँक्रीट ओता, आणि काँक्रीट घट्ट होईपर्यंत साचा काढू नका.

ओतण्याआधी स्वतः टेप धरून दोन्ही कर्ण मोजा. ३२ बाय २० च्या चौकटीत कर्ण ३७ फूट ९ इंचांना किंचित कमी येतो. दोन कर्णांत दोन सुतांपेक्षा, म्हणजे पाव इंचापेक्षा जास्त फरक असेल तर काटकोन चुकलाय. पातळीसाठी गवंड्याची पाण्याची लेव्हल पाईप आजही सगळ्यात भरवशाची, फक्त नळीत हवेचा बुडबुडा नाही ना एवढं बघा. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, साध्या सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला दहा. निफाडच्या थंडीत जास्त दिवस दिलेले बरे.

माल तपासणं: सराफाचा काटा

कोटेशनवर '५० एमएम पफ पॅनेल' एवढं लिहिलेलं असतं. त्यात तीन गोष्टी दडतात: पत्र्याची जाडी, फोमची घनता आणि दोघांची चिकटण. पत्रा ०.५ मिलिमीटरचा म्हणून विकतात आणि ०.३५ चा लावतात. हातानं फरक कळत नाही. मायक्रोमीटरनं मोजा, आणि रंगासकट जाडी की रंगाशिवाय ते विचारा.

फोमची घनता घनमीटरला ४० किलोच्या आसपास हवी. ती घरच्या घरी तपासता येते. नमुन्याच्या पॅनेलमधून दोन्ही पत्रे काढून फोमचा १० बाय १० बाय ५ सेंटिमीटरचा तुकडा ब्लेडनं सरळ कापा. तो २० ग्रॅम भरला पाहिजे. आमच्या घरच्या काट्यावर इतकं कमी वजन नीट कळेना, म्हणून मी तुकडा पिशवीत घालून सराफ बाजारात ओळखीच्या दुकानात गेलो. पहिल्या कंपनीचा तुकडा १४ ग्रॅम भरला, दुसरीचा १९.६. दुसरी कंपनी चौरस फुटाला ९० रुपयांनी महाग होती. तिलाच काम दिलं.

चिकटण बघायची तर पत्र्याचं टोक पक्कडीनं धरून सोला. फोम फाटून पत्र्याला चिकटून आला तर चांगलं. पत्रा स्वच्छ सुटून आला तर दोन उन्हाळ्यांत त्या भिंतीला फुगे येणार.

आगीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पफ जळतो, आणि त्याचा धूर विषारी असतो. पीआयआर हा त्याच जातीचा फोम त्यापेक्षा बरा, रॉकवूल जळतच नाही. स्वयंपाकघराची ओट्यामागची भिंत आम्ही रॉकवूल पॅनेलची घेतली, वर सिमेंट बोर्ड आणि मग टाइल. वायर नेहमी पाईपमधून. फोममध्ये खोबण करून उघडी वायर कोंबणाऱ्या इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी थांबवा. अख्खं घर लोखंडाचं आहे, म्हणून सांगाड्याला दोन ठिकाणी अर्थिंग आणि मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, याला पर्याय नाही.

पैशाचा हिशोब

माझ्या वहीतले आकडे देतो. तुमचे वेगळे येतील, पण रकाने हेच राहतील.

घराची बांधणी, १,६५० रुपयांनी ६४० चौरस फूट: १०,५६,०००
त्यावर १८ टक्के जीएसटी: १,९०,०८०
खोदाई, पाया, मुरूम, जोतं: २,५६,०००
वाहतूक, क्रेन, उतराई: ६०,०००
सेप्टिक टाकी, ड्रेनेज, पाण्याची टाकी आणि तिचा स्टँड: १,४०,०००
मीटर, बाहेरचं वायरिंग, अर्थिंग: ७०,०००
ओटा, टाइल, नळ आणि बाथरूमचं सामान: १,२०,०००
समोरचा आठ फुटी व्हरांडा: १,१५,२००
इंजिनिअर, माती तपासणी, नकाशा, परवानगी: ७५,०००

एकूण २०,८२,२८०. भागिले ६४०, म्हणजे चौरस फुटाला ३,२५३.

यातला जीएसटीचा रकाना सगळ्यांना चकवतो. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत 'कर वेगळे' असतं, आणि प्रीफॅब इमारतीवर तो १८ टक्के आहे. पायाही जवळजवळ प्रत्येक कंपनी ग्राहकावर टाकते. याउलट गावातल्या ठेकेदारानं विटांच्या घराला १,९०० चा भाव सांगितला होता, आणि तो पायासकट होता. तेव्हा प्रीफॅब स्वस्त पडतं म्हणून कोणी घेत असेल तर त्यानं पुन्हा हिशोब मांडावा. आम्हाला त्यातून मिळाला तो वेळ आणि काळ्या मातीवर कमी भार. परवानगी हातात आल्यापासून आई-अण्णा राहायला गेले ते अकरा आठवड्यांत.

पैसे टप्प्यांनी द्या: ऑर्डरबरोबर ३० टक्के, कारखान्यात जाऊन माल बघितल्यावर ३०, सांगाडा आणि छत उभं राहिल्यावर २०, काम संपल्यावर १०. उरलेले १० टक्के एक पावसाळा गेल्यावर. ही शेवटची अट करारात लिहून घ्या. तोंडी कोणी मानत नाही. माल पोचवण्याची तारीखही लेखी हवी, विशेषतः आता. २०२७ च्या सिंहस्थाची कामं जोरात असताना फॅब्रिकेटर, क्रेन आणि मजूर यांच्यावर ताण राहणारच.

ऑर्डर देण्याआधी सगळं ठरवा

विटांच्या घरात चुकलेला दरवाजा सरकवता येतो. इथे नाही. सांगाडा कापायला गेला की नकाशा गोठला. आईला एसी नको होता, पण बाहेरच्या युनिटची जागा आम्ही तेव्हाच ठरवली. देवघर, टीव्ही, गिझर, पंखे आणि भांड्यांची मांडणी जिथे टांगायची तिथे पॅनेलच्या आत किंवा बोर्डामागे लोखंडी पट्टी किंवा प्लायचा आधार द्यावा लागतो. नुसत्या पफमध्ये स्क्रू मारून गिझर लटकवला तर तो पत्र्यासकट खाली येईल. मी एक दिवस आईबरोबर बसलो आणि जुन्या घरातल्या भिंतीवरची प्रत्येक खुंटी मोजली. सतरा निघाल्या. सतराच्या सतरा नकाशावर मांडल्या.

हजार लिटरची टाकी भरली की एक टन. ती छतावर नकोच, शेजारी स्वतंत्र स्टँडवर ठेवा. सोलर पॅनेल लावायचं मनात असेल तर छताच्या पर्लिन, म्हणजे पत्र्याखालचे आडवे लोखंडी दांडे, त्या वजनाला आणि वाऱ्याला धरून आताच घ्या.

दिशेचा विचार विटांच्या घरापेक्षा इथे जास्त करावा लागतो. पफ उष्णता अडवतो, पण साठवत नाही. म्हणून एप्रिलच्या दुपारी दार उघडं राहिलं की घर पटकन तापतं आणि सूर्य मावळल्यावर पटकन निवतं. हिवाळ्यात हेच नडतं. निफाडला जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येतो, आणि पहाटे हे घर विटांच्या घरापेक्षा लवकर गार पडतं. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी लहान आणि बाहेर सावली, समोरासमोर दोन झरोके, आणि छताचं पॅनेल भिंतीपेक्षा जाड एवढं केलं की बराच फरक पडतो. झरोके बंद करू नका. घट्ट बंद घरात थंडीच्या सकाळी खिडकीच्या लोखंडावर दव धरतं.

वाहतूक आणि उभारणी

माल निघायच्या आधी मी कारखान्यापासून शेतापर्यंतचा रस्ता मोटारसायकलवरून पाहून आलो. महामार्गावर अडचण नसते. अडचण शेवटच्या दोन किलोमीटरला: कालव्याची अरुंद मोरी, बांधावरचं बाभळीचं झाड, आणि खाली झोळलेली विजेची तार. तारेसाठी वीज कंपनीच्या कार्यालयात आठवडाभर आधी अर्ज द्यावा लागला. ट्रकनं येणारी सुटी पॅनेलं असली तर निभावतं. तयार पेटी असेल तर वळणांची मापं घेतल्याशिवाय ऑर्डरच देऊ नका. हायड्रा क्रेनला उभं राहायला कडक जमीन लागते. पाणी दिलेल्या शेतात ती रुतते.

उभारणी नऊ दिवसांत झाली. पहिले तीन दिवस सांगाडा, मग छत, मग भिंती. या दिवसांत रजा काढून हजर राहा. बघायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण सगळ्या महत्त्वाच्या. खांब ओळंब्यात आहेत का. वेल्डिंगवर लगेच प्रायमर लागला का. पत्रा कातरीनं कापतायत की ग्राइंडरनं. ग्राइंडरच्या ठिणग्या रंगात रुततात आणि महिन्याभरात तिथे तांबडे ठिपके उमटतात. रोज संध्याकाळी छतावरचा लोखंडी कीस झाडून काढायला लावा. पॅनेलच्या उघड्या कडा पट्टीनं बंद झाल्या का हेही बघा, कारण फोममध्ये उंदीर घर करतात, आणि मळ्यात उंदरांना तोटा नाही.

छताच्या स्क्रूखालचा रबरी वायसर किंचित दबलेला दिसला पाहिजे. सैल असेल तर गळतो, जास्त आवळला तर फाटून गळतो. आमच्याकडे दुसरा प्रकार झाला. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत ओट्यावर थेंब टपकू लागले. वर चढून बघितलं तर सलग सहा स्क्रूंचे वायसर चिरलेले. ड्रिल मशीनचा जोर कमी न करता कोणीतरी घाईनं मारलेले. बदलल्यावर गळती थांबली.

छताचा उतार आम्ही दहाला एक ठेवला. निफाडच्या पावसाला तेवढा पुरतो. इगतपुरी, त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यात बांधत असाल तर चित्र वेगळं. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, नाशिक शहरात त्याच्या चौथाईच्या आसपास. तिकडे उतार जास्त, वळचण किमान दोन फूट बाहेर, पन्हळी मोठ्या, आणि वाऱ्याकडच्या भिंतीचे सांधे दुहेरी सीलंटचे घ्या. बाथरूमची फरशी मात्र कुठेही असो, खाली काँक्रीटच हवं. बोर्डावर टाइल लावून वॉटरप्रूफिंगच्या भरवशावर राहणं मला पटत नाही.

वेळेचं गणित असं बसवा: कागदांना दोन-तीन महिने धरा, पाया दिवाळीनंतर माती वाळली की सुरू करा, तो पडत असतानाच कारखान्यात सांगाडा होऊ द्या, आणि मे अखेरीला छत पूर्ण. ओल्या काळ्या मातीत खोदाई करूच नका. खड्ड्याच्या बाजू ढासळतात आणि तळाचा चिखल मुरूम समजून त्यावर काँक्रीट पडतं.

राहायला गेल्यावर दरवर्षी मेच्या शेवटी शिडी लावून स्क्रू, सीलंट आणि पन्हळी बघायच्या. ओरखडा दिसला की तिथे रंगाचा हात. जोत्याभोवती तीन फुटी कोबा आणि बाहेर उतार ठेवा, म्हणजे पाणी पायाशी मुरत नाही. झाडं आणि ठिबकच्या नळ्या भिंतीपासून लांब, कारण एका बाजूची माती ओली आणि दुसरीकडची कोरडी राहिली की काळी माती तेवढ्याच बाजूनं उचलते.

अण्णांच्या ढोलाचं म्हणाल तर छताला ८० मिलिमीटरचं पॅनेल आणि खाली जिप्समची सीलिंग घेतली होती. पहिल्या रात्री धो धो पाऊस आला तेव्हा मी तिथेच होतो. आवाज येतो, नाही असं नाही, पण बोलणं ऐकू येतं. अण्णा उठून बसले, थोडा वेळ वर बघत राहिले, आणि आईला म्हणाले, "जुन्या घराच्या कौलांपेक्षा बरं आहे गं." ऑक्टोबरात परतीचा पाऊस संपला, घरात एकही ओल नव्हती, तेव्हा कंपनीला शेवटचा चेक दिला. त्याच दिवशी पफचे सुटे तुकडे, रंगाचा अर्धा डबा आणि वायसरसकट पन्नास स्क्रू मागून घेतले. ते पलंगाखालच्या पेटीत आहेत.